इंग्रजी सुनीताला लावलेली चाल

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे बसल्या बसल्याच, गोड मानून घ्यावा). तुमचा खोकला आणि मामींचा तुमच्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. मी ठीक आहे. म्हणजे जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि डावी पापणी सारखी फडफडते, एवढंच.

झालं असं, की इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी त्यांचा नववीचा वर्ग माझ्यासारख्या गणितवालीच्या गळ्यात मारला. सोमवारी बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर बसणार, मी एका जुन्या इंग्रजी सुनीताचं, म्हणजे सॉनेटचं, वृत्त, यमक, रचना उलगडून दाखवणार आणि त्यावर माझी नोकरी कायम होणार की नाही ते ठरणार. चौदा ओळी मोजल्या, चौदाच भरल्या. इथपर्यंत मी सुखी होते. मग तुम्ही लहानपणी घोकून घेतलेलं 'यमाताराजभानसलगा' आठवून फळ्यावर लघू-गुरू मांडायला घेतले. पण त्या भाषेत जोडाक्षरं इतकी, की बघावं तिथे गुरूच. लघू औषधालाही सापडेना. तेव्हा मी खुशाल सांगून टाकलं, की कवीचं वृत्त चुकलंय. (कवी वारलेला आहे म्हणून बरं.) यमकं नीट चालली होती, पण शेवटच्या दोन ओळी बाकीच्यांशी अबोला धरून, रुसलेल्या जावांसारख्या आपापसातच जुळवून बसलेल्या.

वृत्त कळत नसेल तर गाऊन बघावं, ही तुमचीच शिकवण. म्हणून सगळं भुजंगप्रयाताच्या, म्हणजे मनाच्या श्लोकांच्या, चालीत म्हटलं आणि ओळ कमी पडली की शेवटचा शब्द ताणला. पोरांना ते इतकं आवडलं, की आता डबा खाताना, जिना उतरताना तेच चालू असतं. परवा मुख्याध्यापक दारात हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं प्रार्थना चाललीय. आणि काल शिक्षकखोलीत कळलं, की इंग्रजी वृत्तात लघू-गुरू मोजत नाहीत, उच्चारातला जोर मोजतात! आज वर्गाला जोर द्यायला सांगितलं, तर त्यांनी तीच चाल जोरात म्हटली. मला फार भीती वाटतेय, मामा. तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंत, तेव्हा हा जोर नेमका कुठे द्यायचा, ते उलट टपाली कळवा.

तुमची भाची

ता. क. ठरलेले परीक्षक आजारी पडलेत. मुख्याध्यापकांनी एखादे निवृत्त, कडक इंग्रजीचे मास्तर सुचवा म्हटलं आणि घाबरून माझ्या तोंडून तुमचाच पत्ता गेला. त्यांचं बोलावणं पोचलंच असेल. नातं मी सांगितलेलं नाही.

ता. ता. क. वर्गात ओळख दाखवू नका. नापास करायचं तर करा. पण पोरांनी ती चाल धरली की, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, मागच्या बाकावरून सोबत गाऊ नका.