ओट्यावरचा क्लास

खोडद,
ता. १२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उज्ज्वलास आप्पांचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, पोरी, रागावू नकोस. कांदा बरा आहे. बिबट्याने शेजारची कालवड नेली. तुझी आई बरी आहे.

बरी नाही. संक्रांतीला देवदर्शनाला गेलो होतो असे तुला सांगितले ते खोटे. तिच्या छातीत गाठ निघाली, कॅन्सरची. पुण्याला ऑपरेशन करून डावी बाजू काढली. तुला कळवायचे नाही म्हणून तिनेच शपथ घातली. तुझ्या समृद्धीला स्थळ बघताय, आजीला असला रोग म्हटल्यावर पाहुणे माघारी फिरतील, म्हणे. इतके दिवस ऐकले. आता ऐकत नाही.

सोमवारपासून पुण्याला मशीनवर लाईट द्यायची आहे, रेडिएशन म्हणतात ती. ती घेतली नाही तर गाठ परत येऊ शकते, असे डॉक्टर म्हणाले. त्याआधी दवाखान्याची बाई फोनवर चित्रासकट सगळे समजावते, त्याला क्लास म्हणतात. पुण्याचा हेलपाटा वाचतो, चांगली गोष्ट. पण आपल्याकडे रेंज येते फक्त ओट्यावर. तुझ्या भावाने, त्या सुदर्शनने, आईला ओट्यावर बसवून फोनचा आवाज मोठा केला. समोर तुझे चुलते, दूध घालायला आलेली माणसे. ती बाई विचारते, "आजी, डावा हात डोक्यावर जातो का? जखम ओली आहे का?" दिरासमोर कधी पदर ढळू न दिलेली बाई उठून गोठ्यात गेली. आणि हा दीडशहाणा तिच्या जागी बसून म्हणतो, "हो मॅडम, समजलं." काय समजलं रे तुला?

आता ती जाणारच नाही म्हणते. मी गोठ्यात गेलो तर एका हाताने शेण ओढत म्हणाली, "तिथं उघडं निजवत्यात म्हणं. कोण असतंय तिथं? बाप्ये का बाया?"

मला कुठे माहीत!

"मग तुमीच जावा माझ्या जागी निजायला. लई मोठी छाती हाय न्हवं तुमची."

सुदर्शनला म्हटले, पुन्हा फोन लाव, तिला एकटीला ऐकू दे. तर म्हणतो, "आप्पा, झालाय क्लास. आता परत कशाला?" थोबाडीतच देणार होतो.

मला तिच्याशी हे बोलता येत नाही. एवढा संसार झाला, पण त्या जागेचे नाव माझ्या तोंडून निघत नाही. पट्टी बदलताना ती दार लावून घेते. मी बाहेर उभा राहून "गरम पाणी पाहिजे का?" एवढेच विचारतो.

तू ये. तिला नारायणगावला ने, कुणाच्या तरी खोलीत दार लावून त्या बाईला तुझ्या फोनवरून लाव. माय-लेकी दोघीच ऐका. तिला काय विचारायचे ते विचारू दे. स्थळ मोडले तर मोडू दे. ज्यांना आजी नको, त्यांच्या घरी आपली पोर नको.

फोन करू नकोस, ओट्यावर सगळे कान लावून असतात. शेजारचा धर्माजी कांद्याचा पिकअप घेऊन तुमच्या नाशिकला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. तो उद्या माघारी येईल. येतेस की नाही, तेवढे त्याच्याजवळ सांग. मी फाट्यावर त्याची वाट बघतो.

माझे तिने ऐकले नाही, तुझे ऐकेल. लवकर निरोप धाड, पोरी.

तुझा बाप,
सावळेराम