सत्तावीस मार्क

४ जुलै
ह्यांची स्मरणशक्तीची चाचणी. तीसपैकी तेरा. गेल्या वर्षी सत्तावीस होते. परत येताना रिक्षात ह्यांनी धडाधड म्हणून दाखवलं, "हत्ती, खुर्ची, गुलाब, रस्ता, पितळ." गेल्या वर्षीच्या चाचणीतले शब्द. मग माझ्याकडे बघत राहिले, शाबासकीसाठी. मी म्हटलं, गप्प बसा.

५ जुलै
लिहूनच टाकते. गेल्या वर्षी महिनाभर मीच घोकून घेतलं होतं. शेजारच्या माईंना त्याच डॉ.कडे मी नेलं होतं, प्रश्न मला पाठ. घड्याळाचं चित्र दहा-दहा वेळा काढायला लावलं. चुकले की चहा नाही. तीस वर्षं स्कॉलरशिपला पोरं बसवली, तयारीशिवाय कुणाला परीक्षेला पाठवणं मला जमतच नाही. आणि ओझरच्या कारखान्यात ज्यांच्या सहीशिवाय एक नट पुढे जात नसे, त्यांना सोसायटीत वेडा म्हणतील, ही लाज. सत्तावीस मिळाले तेव्हा मी पेढे वाटले. मूर्ख बाई.

९ जुलै
एमआरआय. आठवणी सांभाळणारा भाग आकसलाय. "हे वर्षभरातलं वाटत नाही," डॉ. म्हणाले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

१५ जुलै
तपासायला मणक्यात सुई घालून पाणी काढलं. हात मी धरले होते. "लय दुखतंय गं बाई. नको." लग्नापासून मला बाईच म्हणतात, पण ह्यांची चांदवडची बोली कित्येक वर्षांनी ऐकली. मी हात सोडले नाहीत.

१९ जुलै
सुईपासून ह्यांचं डोकं दुखतंय, ते अजून. सुईचं विसरले. का दुखतंय, ते मलाच विचारतात.

२८ जुलै
पाण्याचा रिपोर्ट आला. अल्झायमरचीच प्रथिनं. सुटलो एकदाचे, असं वाटलं. तर डॉ. म्हणाले, "पण वर्षात सत्तावीसवरून तेरा? इतका वेग ह्या आजाराचा नसतो. बरोबर दुसरं काही आहे का बघायला पुन्हा पाणी काढावं लागेल." ओठांवर आलेलं गिळलं. शेजारी लेक बसली होती. जिना उतरताना माझा हात धरून म्हणाली, "आई, बरं झालं तू गेल्याच वर्षी दाखवलंस."

३१ जुलै
उद्या दहाला सुई. डॉ. आठपर्यंत फोन घेतात, आत्ता सव्वासात. ते सत्तावीस घोकलेले होते, एवढं एक वाक्य बोलले तर सुई टळेल. लेक पुन्हा माझ्याशी बोलेल का, माहीत नाही. ह्यांनी विचारलं, "उद्या कुठं जायचंय?" मी म्हटलं, जरा फिरायला. तेव्हापासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत.