यशोदेच्या पायाखालचं गवत

पिपरी मेघे,
२९ जुलै

ती. अण्णाजींच्या चरणी धाकट्या प्रभाकरचा चिखलमाखला नमस्कार.

तुमची प्रकृती, वहिनींचा गुडघा आणि अल्लीपूरच्या घराचं छप्पर, तिन्ही जागेवर असतील अशी आशा आहे. आमच्याकडे माणसं जागेवर आहेत, लॉन नाही. (लॉन म्हणजे विकत आणलेलं गवत. आधी हसून घ्या, मग पुढं वाचा.)

लकवा मारल्यापासून आमच्या सौ. यशोदेच्या डाव्या पायाला गार-गरम काही लागत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिला अनवाणी गवतावर चालवा, असं व्यायाम करवून घेणाऱ्या प्रेरणा मॅडमनी सांगितलं. म्हणून मी नर्सरीतून गवताच्या चटईसारख्या पट्ट्या आणल्या आणि तीन दिवस गुडघ्यांवर रांगत अंगणात बसवल्या. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "थंड लागून राह्यलं जी." अण्णाजी, नोकरीत कायम झालो तेव्हाही मी एवढा रडलो नव्हतो. त्या दिवसापासून त्या गवतावर मी चपलेचा पाय ठेवला नाही आणि हरिभाऊंच्या (शेजारी, न मागता सल्ला देणारे) मांजरीलाही ठेवू दिला नाही.

मग गेल्या आठवड्यात वादळाची सूचना आली. मी आपला शेतकऱ्याचा पोरगा. सोयाबीनची गंजी झाकतात तशी लॉनवर ताडपत्री घातली, वर विटा ठेवल्या, आणि रस्त्याचं पाणी आत शिरू नये म्हणून मातीची पोती रचून चारही बाजूंनी, शेताला बांध घालतात तसा, असा धुरा बांधला, की बाबा असते तर पाठ थोपटली असती. (त्यांनी आयुष्यात कुणाचीच थोपटली नाही, तरीही.) ताडपत्री पहिल्याच झोतात हरिभाऊंच्या टाकीवर जाऊन बसली. धुऱ्यानं मात्र बाहेरचा एक थेंब आत येऊ दिला नाही. आमच्या गच्चीचा पाइप धुऱ्याच्या आतच सुटतो, हे माझ्या ध्यानात आलं ते पाणी गुडघ्याला लागल्यावर. हरिभाऊ गॅलरीतून ओरडत होते, "धुरा फोडा जी, पाणी तं तुमच्याच घरचं हाये!" अल्लीपूरवाल्याला धुरा शिकवतात काय, म्हणून मी दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी पट्ट्या तरंगायला लागल्या. वरून पाऊस कोसळतोय आणि मी पाण्यात उभा. एक पट्टी दाबली की दुसरी वर यायची. शेवटी धुरा फोडला, तर पाण्याच्या आधी लॉनच फाटकाबाहेर पडलं आणि नालीच्या दिशेनं निघालं. उरलंय त्याची मुळं सडलीत, घरभर वास येतो. फार वाईट वाटतं, अण्णाजी. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

तुमचा,
प्रभाकर

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुमच्या शेताच्या धुऱ्यावरची हराळी, जी खणून फेकता फेकता आपलं लहानपण गेलं, ती मुळासकट पोतंभर पाठवा. ती कशानंच मरत नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? एसटीत ठेवून दिलं तरी मी स्टँडवरून घेईन.

आणखी ता. क. वर लिहिलं ते अर्धंच. मी पट्ट्या दाबत होतो तेव्हा यशोदा दारातून ओरडली, "आत या जी! मले त्या दिवशी काईच लागलं नव्हतं. तुमचं तोंड पाहून म्हटलं मी." ते ऐकून मी धुरा फोडला आणि आत आलो. त्यावर आम्ही दोघंही अजून बोललो नाही. काल सकाळी ती पायरीवर बसून उघड्या चिखलात डावा पाय टेकवून पाहत होती. पोतं लवकर पाठवा.