दुर्बिणीच्या काचा आणि माझं तोंड

सोमवार, ४ मार्च

तोंड आवरा म्हणे! मला! आणि तेही दुर्बिणवाल्यांच्या माणसासमोर!

कारखाना साडूचा आणि माझा, अर्धा-अर्धा. पण भिंगांवर थर चढवायची पेटी मी बसवली, मी चालवली. आतली हवा उपसायची, ऑक्साइडची वाफ करायची, ती भिंगावर अलगद निजवायची — हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. काचा फोडून शिकलो. आज एका भिंगाच्या कडेला बोटाचा ठसा दिसला म्हणून ओरडलो, तर हा म्हणतो, "दादा, पाहुण्यांसमोर तरी तोंड आवरा. पेटी आता मी बघतो."

बरं. आवरलं. आता उघडतच नाही — बघू कोणाचं नाक कापलं जातं!

बुधवार, ६ मार्च

ही म्हणाली, "घरात आरडाओरडा नाही. अंगात ताप आहे का?"

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला विचार."

शुक्रवार, ८ मार्च

साडूनं पेटीतली उष्णता वाढवली. थर टणक होतो, प्रकाश जास्त वाकवतो, म्हणून पातळ थरात काम भागतं — एवढं त्याला ठाऊक. पुढचं नाही. थरातले कण बाजारातल्या गर्दीसारखे विस्कटलेलेच राहायला हवेत. फार तापले की जागोजागी टोळकी करून ओळीत उभे राहतात. स्फटिक! त्यांच्यावर प्रकाश आपटतो नि फाकतो. समोरून बघा — काच लखलखीत. काळ्या कापडावर ठेवून तिरका उजेड मारा — दुधाचं बोट फिरवल्यासारखी.

तो जेवायला गेल्यावर मारला. दूध आहे!

जीभ दाताखाली धरून जागेवर येऊन बसलो.

मंगळवार, १२ मार्च

भिंग पेटीतून निघालं की हा माझ्या टेबलाशी हजर. खिडकीकडे धरतो, फिरवतो, मग माझ्या तोंडाकडे बघत उभा. मिरवतोय लेकाचा!

"दादा, उष्णता जरा वाढवलीय."

वाढव की बाबा. मी चहा पीत होतो, पीत राहिलो. थोडा घुटमळला. गेला.

शनिवार, १६ मार्च

सगळा माल रवाना. खोक्यांना चिकटपट्टी मीच लावली. इतकी सरळ जन्मात लावली नव्हती.

सोमवार, २५ मार्च

माल परत! दुर्बिणवाला फोनवर असा कडाडला की मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं — "चंद्राभोवती धुकं दिसतंय! बारके तारे गायब! पुन्हा तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही!" साडूचा चेहरा पाहण्यासारखा होता. पाहिला. पोटभर पाहिला. जिरली!

घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं. ही पोळी लाटायची थांबली. "कारखाना तुमचाही आहे ना?"

आहे. दुर्बिणवाल्यांसारखं दुसरं गिऱ्हाईक नाही, हेही आहे. असू दे. आज दोन घास जास्त गेले.

मंगळवार, २६ मार्च

साडू पेटीशी बसला होता. भांडेल म्हणून तयारीत गेलो होतो. मान वर न करता म्हणाला, "दादा, एकेक काच तुमच्यासमोर धरली होती. तुम्ही ओरडला नाहीत — मी समजलो, पास."