पट्ट्यावरचा दगड

९ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाचे. बोटीत अग्नियाला काही झालं नाही, मलाच मळमळलं. मग ती साऱ्या प्रवाशांना सांगत सुटली की सातवा महिना मला नाही, ह्यांना लागलाय. लोक हसले, मीही हसलो. पर्याय नव्हता.

वोर्झा गाव छान आहे. पुढे खाडी, मागे जंगल, मध्ये चाळीसेक लाकडी घरं आणि एक दुकान. दवाखान्याच्या ड्रायव्हरला घर फुकट. भट्टी धूर सोडत नाही, छप्पर गळत नाही, याहून आपल्याला काय पाहिजे? दवाखान्यात डॉक्टर नाही, पण कापितोलिना येगोरोव्ना नावाची नर्सबाई आहे, ती डॉक्टरच्या वरताण. मला बघून म्हणाली, "गाडी येते चालवायला, की नुसती मिशीच वाढवलीये?"

गाडी म्हणजे काय, मजाच आहे. नारिंगी, आठ चाकांची, तळ होडीसारखा. जमिनीवर चालते, पाण्यात पोहते. गाव तिला बेडूक म्हणतं. आधीचा ड्रायव्हर लाव्रेंती गेल्या नोव्हेंबरात कच्च्या बर्फावरून चालत निघाला आणि परतलाच नाही. देहही मिळाला नाही. दुकान चालवते ती फ्योकला त्याची विधवा. तिच्याकडून मीठ आणि काड्यापेट्या घेतल्या. फार कमी बोलते.

१४ ऑक्टोबर

बेडकाचं दुखणं कळलं. पाण्यात राजा, कडक जमिनीवर राजा, पण ओल्या बर्फात पोटावर बसतो आणि नुसती चाकं फिरवतो. आणि खरी गरज असते ती तेव्हाच. खाडी अर्धी गोठते तेव्हा होडी चालत नाही, घसरगाडी बुडते, आणि दवाखाना मोठा तो पलीकडच्या काठावर. चाकांवरून चढवायचे पट्टे कारखान्यातून मागवायचे तर वसंतात येतील.

कापितोलिना म्हणते, अग्नियाने शेवटच्या बोटीने पलीकडे जावं आणि बाळ होईतो तिथेच राहावं. अग्निया ऐकेल तर शपथ. "सगळ्या वॉर्डाचं घोरणं ऐकत पडू? मला तुझं एकट्याचं पुरतं." बाळ नाताळाच्या सुमाराला येणार, तोवर बर्फ पक्कं झालेलं असेल, असा तिचा हिशेब. तरी मी शब्द दिलाय की नोव्हेंबरच्या आत पट्टे मी स्वतः करीन. दिला खरा. रबर कुठून आणायचं ते देव जाणे.

१९ ऑक्टोबर

देवाला काळजी! टोकाच्या खडकापाशी काळा रबरी कन्व्हेयरचा पट्टा मिळाला, जाडजूड, आत कापडाचे थर. कुठल्या तरी धक्क्यावरून वाहून आला असणार. फक्त तो भरतीच्या रेघेच्या वर ओढून नीट घडी घातलेला होता, आणि वर दगड. करडा, मधून लाल रेघ गेलेला.

दगड ठेवला की विषय संपतो. समुद्राने टाकलेलं जो ओढून वर आणेल आणि त्यावर दगड ठेवेल, ते त्याचं. वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी कोणी हात लावत नाही. सख्ख्या आईचा चहाचा समोवार विकून दारू पिणारेही लावत नाहीत. माझे वडीलही असंच करायचे. म्हणून मी रीतीने विचारलं. धक्क्यावर विचारलं, शनिवारच्या वाफेच्या न्हाणीत विचारलं, दुकानात विचारलं. सगळे म्हणाले, आमचा नाही. फ्योकलाने तेवढं विचारलं, दगड कसला होता. सांगितलं. ती तराजूचं पारडं पुसू लागली, म्हणाली, "आमचा नाही." वर अग्नियासाठी साखरेची पुडी दिली, पैसे घेतले नाहीत. माणूस कळायला वेळ लागतो म्हणतात ते खरं.

कोणीच आपलं म्हटलं नाही तर वस्तू मोकळी. दगड पाण्यात टाकला, पट्टा घसरगाडीवर घालून घरी आणला.

२७ ऑक्टोबर

हात काळे, पाठ मोडली, जीव खूश. पट्टा उभा चिरला. आडव्या पट्ट्यांसाठी नळाचा काळा प्लास्टिकचा पाइप उभा दुभागला. त्या अर्धगोल खापा बर्फात रुततात आणि पाण्यात वल्ह्याचं काम करतात. प्रत्येक खापेला बोल्ट आणि रुंद वायसर, नाहीतर रबर फाटतं. आतल्या बाजूला चाकांच्या दोन्ही अंगांनी खुंट्या, म्हणजे वळताना पट्टा निसटत नाही. अग्निया पिंपावर बसून वायसर हातात देते आणि माझ्या शिव्या सुधारून देते. म्हणते, पोराने पहिला शब्द तरी शुद्ध शिकावा.

३ नोव्हेंबर

शेवटची बोट गेली. अग्निया गेली नाही.

पट्टे चढवले. युक्ती साधी आहे. आधी चाकांतली हवा सोडायची, ढिल्या चाकांवर पट्टा गुंडाळायचा, टोकं बोल्टांनी जोडायची, मग हवा भरायची. चाकं फुगतात तसा पट्टा ताणला जातो. बेडूक ताज्या बर्फावरून मांजरासारखा चालला. कापितोलिना शेजारी बसून गावभर फिरली आणि उतरताना म्हणाली, "मिशी चालेल." आज मला माझाच अभिमान वाटतोय, लिहून ठेवतो.

संध्याकाळी झाकण घालायला गेलो तर डाव्या पट्ट्यावर दगड. करडा, लाल रेघेचा. पोरांचा चावटपणा. शिवाय किनाऱ्यावर असा दगड काय एकच असतो?

८ नोव्हेंबर

खाडीत बर्फाचा लगदा धरलाय. चाचणी घेतली. खापा पाणी छान मारतात. पण बेडूक मागे डावीकडे कलतो, कोणी बसल्यासारखा. काठावरून कापितोलिना ओरडली, मागे कुणाला घेतलंयस. कुणालाच नाही. वर काढून सगळा तळ तपासला. चीर नाही, आत पाणी नाही.

परतल्यावर दगड पुढच्या झाकणावर होता. ओला. जमेल तितका लांब समुद्रात भिरकावला.

१३ नोव्हेंबर

आज दगड माझ्या सीटवर. बेडकाच्या शेडला कुलूप होतं. रात्रभर बर्फ पडलं होतं, दारापुढे एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मागची डावी जागा भिजलेली, हात लावून जिभेला लावला तर खारट. अग्नियाला सांगितलं नाही. मला भीती वाटतेय, इथे तरी खरं लिहावं.

१६ नोव्हेंबर

दगड घराच्या उंबऱ्यावर. अग्नियाचा पाय त्यावरच पडणार होता.

तो घेऊन तडक दुकानात गेलो, फ्योकलाच्या तराजूत ठेवला. ती मागे सरकली. मग सगळं बोलली, रडली नाही. इथे प्रत्येक घराचा आपला दगड असतो, आणि लाल रेघेचा लाव्रेंतीचा. पट्टा त्यानेच ओढून ठेवला होता, बेडकासाठी. तो आणायला बर्फावरून खडकाकडे निघाला तोच बर्फ फुटलं.

"वर्षभर हा दगड रोज सकाळी माझ्या दाराशी असायचा," ती म्हणाली. "मी त्याला आपला म्हणावं म्हणून. मी नाही म्हटलं. मला एकटीला झेपत नव्हतं रे. तू आलास आणि विचारलंस. मी म्हटलं, जाऊ दे त्याला ह्याच्यामागे."

मी म्हटलं, मी साऱ्या गावाला विचारलं होतं.

"जिवंतांना विचारलंस," ती म्हणाली.

साखरेची पुडी आठवली. मला तिच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, आणि तिची कीवही आली.

१७ नोव्हेंबर

पट्टे उतरवले. खडकापाशी नेले, होते तिथेच घडी घालून ठेवले, वर त्याचा दगड. टोपी काढून माफी मागितली. अग्नियाला आता सगळं माहीत आहे. ती चिडली नाही, एवढंच म्हणाली की बर्फ पक्कं होईतो पोराला आत धरून ठेवते. रात्र झाली, उंबरा अजून कोरडा आहे.

२१ नोव्हेंबर

दुपारी अग्नियाची पाणमोट फुटली. महिनाभर आधीच. कापितोलिनाने पोट चाचपलं, म्हणाली, बाळ आडवं आहे, इथे काही करता येणार नाही, अंधार व्हायच्या आत पलीकडे नाहीतर दोघंही जातील. विनोद केला नाही तिने. त्यावरूनच कळलं.

खाडीत लगदा. नुसत्या चाकांवर शक्य नाही.

खडकापाशी गेलो. दगड बाजूला ठेवला. मोठ्याने म्हटलं, लाव्रेंती, एकदाच. आणून ठेवीन.

बोल्ट बसले. निघतो —

२२ नोव्हेंबर

मुलगी झाली. दोघी जिवंत. पोट कापावं लागलं. मुलगी मुठीएवढी आहे आणि आवाज कापितोलिनाचा.

कालचं लिहायला हवं. बेडूक सगळी वाट मागे डावीकडे कलला होता. अग्निया मागे पडून होती. मधेच म्हणाली, कापितोलिना येगोरोव्ना, हात सोडू नका, पण फार गार आहे हो तुमचा हात.

कापितोलिना पुढे होती, माझ्या शेजारी, कंदील धरून. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

२२, दुपार

इथली नर्स चिडून बाहेर आली. पाळण्यात दगड कुणी ठेवला, म्हणाली. ओला, घाण, लाल रेघेचा. एवढ्याशा पोरीच्या दुपट्यावर.

मी म्हटलं, माझा आहे. द्या.

२३ नोव्हेंबर

अग्नियाला सांगितलं, पट्टे ठेवून येतो. तिने बाही धरली होती, बोटं सोडवावी लागली.

वाटेत लिहितोय. लगदा दाट झालाय, बेडूक थांबून थांबून जातो. दगड मांडीवर आहे. मागे बघत नाही. कलतो तेवढ्यावरून कळतं.

पट्टे ठेवले. दगड ठेवला. वळलो —

दगड पुन्हा माझ्या हातात. ओला.

पट्टे नकोत त्याला. आता कळलं. वर्षभर दारोदार तेच विचारतोय, मी कोणाचा. फ्योकला नाही म्हणाली. म्हणून तो ज्याच्यावर दगड ठेवेल ते त्याचं — पोरीवर ठेवलाय — पाळण्यात —

फ्योकलाकडे परत नेऊन टाकू? तिने केलं तसं. जमेल. सहज जमेल. नाही.

दगड असेल तिथे दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि एका दगडाखालचं एकच न्यायचं, लाव्रेंतीनेसुद्धा. रीत सगळ्यांना सारखी. तेव्हा दगड एकाच वस्तूवर असला पाहिजे, पोरीवर नाही, माझ्यावर —

भरतीच्या रेघेवर आडवा झालोय. दगड छातीवर ठेवलाय. जड आहे, एवढा नव्हता. पाणी बुटांपर्यंत. बाजूला बर्फ खचलं, कोणीतरी बसल्यासारखं —

अग्निया, उद्या कोणी विचारत येईल. धक्क्यावर, न्हाणीत, दुकानात. दगडाखालचं हे कोणाचं म्हणून. फ्योकलासारखं करू नकोस. तू म्हण, आमचं —