कोपनहेगनचं हॉटेल ठरलं

रविवार, संध्याकाळ. मांडवी.

कोपनहेगनला जायचं नक्की आहे, पण हॉटेल काही ठरेना. आमच्या केतकीने तिथून तीन पंचतारांकित हॉटेलांचे फोटो पाठवलेत. प्रत्येकाच्या खिडकीतून समुद्र. ही म्हणाली, "अहो, समुद्रच बघायचा तर एवढं लांब कशाला? आपल्या मांडवीचा काय वाईट आहे?"

मी मात्र वेगळ्याच फोटोत अडकलोय. केतकी स्वतः काम करते त्या हॉटेलाचा. ती काळ्या कोटात काउंटरमागे उभी, कोटावर नावाची पट्टी.

मग तिथेच का नाही उतरायचं? फोन करून विचारलं. म्हणाली, "बाबा, मी ड्युटीवर असणार. तुम्हाला सर म्हणावं लागेल. आणि तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटाल, ही माझी मुलगी म्हणून."

सांगेनच. त्यात काय चुकलं? पण पोरीला अवघडल्यासारखं झालं तर? दुपारपासून हेच डोक्यात. मघाशी पुन्हा फोटो मोठा करून ती पट्टी वाचली.

शेवटी कळवून टाकलं, तुझंच हॉटेल. कुणाला काही सांगणार नाही, शब्द दिला. सगळ्यांसारखा रांगेत उभा राहीन. तिने नाव विचारलं की फक्त आडनाव सांगेन, जरा मोठ्याने. पट्टीवर तेच आहे. ज्याला वाचायचं तो वाचेल.