डावी पाकळी

बेळगाव,
मंगळवार, १३ मे २०२५

स्वरूप,

नावाआधी ‘प्रिय’ लिहायचं की नाही, यात एक कागद वाया गेला. म्हणून नुसतंच नाव. इकडं सगळी खुशाल आहेत. तूही खुशाल असशील. नसलास तर मला जरा बरं वाटेल, खोटं कशाला बोलू?

तुझा फोन बंद. तुझ्या फौंड्रीतले म्हणतात, कोगनोळीच्या पलीकडं, महाराष्ट्रात कुठंतरी काम धरलंय. शेवटी परवा निपाणीला तुझ्या राणीआक्कांकडं गेले. त्यांनी चहा दिला, पोहे दिले, नंबर काही दिला नाही. "शपथ घातलीया गं त्यानं. चिठ्ठी दे, पोचवते," म्हणाल्या. व्हॉट्सॲपच्या जमान्यात तू मला पत्र लिहायला बसवलंस.

आमची म्हैस व्याली, रेडी झाली. आईचा गुडघा तसाच. घराला रंग दिलाय, पिस्ता कलर, आमच्या किशनदादाची निवड. बघवत नाही.

रंग कशाला, असं विचारशील. सांगते, थांब जरा.

आधी त्या शुक्रवारचं सांगू दे, कारण तू नव्हतास. भांडण नको, रवळनाथाला कौल लावू, असं दोन्ही घरांनी ठरवलेलं. उजवा दिला तर लग्न, डावा दिला तर विषय संपला. आण्णाप्पा गुरवांनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. माझा जीव टांगणीला. आणि उजवी पाकळी पडली, स्वरूप! वर्षभर तुझं नाव काढलं की तोंड वाकडं करणाऱ्या माझ्या आप्पांनी नारळ हातात घेतला आणि विचारलं, "जावई कुठं हाईत?"

तू पहाटेच गेला होतास. तुझ्या आईला कुणाकडं बघावं कळेना. लोक हसले. आप्पा तो नारळ तसाच घरी घेऊन आले. तेव्हापासून घरात तुझा विषय काढायची सोय नाही.

मी तुला भित्रा म्हटलं. आणखी बरंच म्हटलं, ते लिहीत नाही. खरं काय ते आक्कांनी परवा सांगितलं. आदल्या दिवशी तू एकटाच देवळात गेलास, नीलम माझ्या घरात सुखी होईल का विचारलंस, आणि डावी पाकळी पडली. तुझ्या दादानं डावा कौल मोडून लग्न केलं होतं आणि वहिनी वर्षाच्या आत गेल्या. म्हणून मला वाचवायला पळालास. किती शहाणा रे तू! मला एका शब्दानं विचारायचं नाही?

राग तिथंच गेला माझा. पण एकाच देवानं तुला एक आणि आम्हाला दुसरं कसं सांगितलं, हे डोक्यातून जाईना.

आज सकाळी आईबरोबर देवळात गेले होते. देवापुढं ठेवायला काय नेलं होतं, ते लिहायला हात धजत नाही. तिथं सुबरावकाका बोअर मारू का म्हणून कौल लावत होते. डावा. पुन्हा डावा. काका वैतागले. मग आण्णाप्पांनी उठून गाभाऱ्याच्या भिंतीवरचा पंखा बंद केला. गेल्या जत्रेत कुणीतरी देणगी दिलेला. पंखा थांबला आणि उजवी पाकळी पडली.

मी तिथंच आण्णाप्पांना गाठलं. विचारलं तर म्हणाले, "व्हय की. वारं त्या अंगाला लागतंय, डावी पाकळी लवकर वाळतीया. चार माणसं आली की बंद करतो मी. एकटं-दुकटं असलं तर ह्या उकाड्यात कोण बंद करतंय?"

"स्वरूप आलता तवा?"

"चालूच हुता की."

देव नव्हता रे तो, पंखा होता!

मग आपला उजवा कौल तरी देवाचा होता का, असं तू विचारशील. तुला असले प्रश्न पडतात. मला आता ते परवडत नाहीत.

देवापुढं पत्रिका ठेवायला गेले होते मी. माझ्या लग्नाची. येत्या रविवारी दुपारी, संकेश्वरच्या आदर्शशी. साखर कारखान्यात आहे, नावं ठेवायला जागा नाही. आप्पांनी अपमानाच्या भरात ठरवलं आणि मी तुझ्यावरच्या रागानं हो म्हटलं.

घरी येऊन आप्पांना पंख्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यो येऊन माझ्यासमोर हुबा ऱ्हाऊ दे, मग बघतो. पोरगंच न्हाय, तर कुणाच्या तोंडाकडं बघून लगीन मोडू?"

मी एकटीच मोडते म्हणाले, तर आई माझ्या पाया पडायला वाकली. आई, स्वरूप. तो गुडघा घेऊन. मी तिला धरून उभं केलं आणि तो विषय सोडला.

तेव्हा तू ये. दिवसा ये, रात्री ये, मांडवात पाहुणे बसलेले असताना ये. कामावरच्या मळक्या कपड्यांत ये. तुझ्या घरात वर्षभरात मरायचं असेल तर मरेन, ते माझं मी बघीन. तुझ्याशिवाय इथं जगायचं कसं, ते मात्र मला खरंच कळत नाही.

किशनदादा हे पत्र घेऊन आत्ताच निपाणीला निघतोय. आप्पांनी त्याला गाडी बाहेर काढताना बघितलं आणि काही विचारलं नाही.

तू आला नाहीस तर लोक म्हणतील, पोरीच्या नशिबात नव्हतं. मी तसं म्हणणार नाही. मी म्हणेन, स्वरूप आला नाही.

रविवारी दुपारपर्यंत तुझीच,
नीलम